तास चालू असताना मुलांना लघवीला जाऊ द्यावे का? प्राथमिक वर्गांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बालवाडी ते चौथी या वर्गांतील मुलांचे पालक आणि शिक्षक यांच्याकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न येथे एकत्र केले आहेत. प्रश्न शक्यतो विचारणाऱ्यांच्याच शब्दांत ठेवले आहेत. मी स्वतः प्राथमिक वर्गांना शिकवलेले असल्यामुळे उत्तरांत शिक्षकाची अडचणही येईल. मूळ मत मात्र पहिल्याच उत्तरात सांगून टाकले आहे.

१. पहिली-दुसरीच्या मुलाने तास चालू असताना लघवीला जाण्याची परवानगी मागितली, तर ती द्यावीच का?

होय, आणि ती लगेच द्यावी. या वयाच्या मुलाने लघवीला जाऊ का असे विचारले, तर ते खरे आहे असे धरूनच चालावे. खात्री करून घेण्यासाठी त्याला थांबवू नये. मूल खोटे बोलत असेल तर शिक्षकाची पाच मिनिटे जातात. ते खरे बोलत असेल आणि त्याला अडवले, तर चाळीस मुलांसमोर त्याची चड्डी ओली होते आणि ती गोष्ट वर्ग वर्षभर विसरत नाही. दोन्ही चुकांची किंमत इतकी विषम असताना चूक कोणत्या बाजूला होऊ द्यावी, याचा फार विचार करावा लागू नये. परवानगी दिल्याने वर्गाची घडी विस्कटते, ही तक्रार खरी आहे, परंतु तिचा उपाय वेळापत्रकात आणि स्वच्छतागृहाच्या अवस्थेत शोधायचा असतो (प्रश्न ७ आणि ११ पाहा).

२. आत्ताच तर छोटी सुट्टी झाली. तेव्हा का गेला नाहीस, असे विचारणे चुकीचे आहे का?

विचारण्यात चूक नाही, पण ते मूल परत आल्यावर विचारावे, जाण्यापूर्वी नव्हे. सुट्टीत न जाण्याची कारणे बहुधा साधी असतात. दहा मिनिटांच्या छोट्या सुट्टीत शंभर-दीडशे मुले दोन-तीन मुताऱ्यांसमोर उभी राहतात. मोठी मुले पुढे घुसतात आणि पहिलीतले मूल रांगेतच असताना घंटा होते. काही मुलांना सुट्टीत लघवीची जाणीवच होत नाही, कारण ती खेळात गुंतलेली असतात आणि वर्गात शांत बसल्यावर ती जाणीव एकदम वर येते. काहींना गर्दीत, इतरांच्या देखत, लघवी होतच नाही. शिवाय सुट्टीत डब्याबरोबर पाणी प्यायलेले असते आणि त्याचा परिणाम पुढच्या किंवा त्यापुढच्या तासाला दिसतो. सुट्टीनंतरच्या तासाला हात वर होणे म्हणजे बेशिस्त, हा समज त्यामुळे टिकत नाही.

३. लहान मूल लघवी किती वेळ रोखू शकते?

मिनिटांत बांधता येईल असे एकच उत्तर नाही, परंतु मूत्राशय किती लहान असते याचा अंदाज बांधता येतो. बालरोगतज्ज्ञ त्यासाठी एक सोपे सूत्र वापरतात: मुलाच्या वयात १ मिळवून आलेल्या संख्येला ३० ने गुणले की मूत्राशयाची अपेक्षित क्षमता मिलिलिटरमध्ये मिळते. त्यानुसार सहा वर्षांच्या मुलाची क्षमता साधारण २१० मिलिलिटर, म्हणजे पेलाभर, तर नऊ वर्षांच्या मुलाची ३०० मिलिलिटर होते. मोठ्या माणसाचे मूत्राशय साधारणपणे ४०० ते ५०० मिलिलिटर धरून ठेवते. शाळकरी वयातील बहुतेक मुले दिवसातून चार ते सात वेळा लघवी करतात. तेव्हा पाच-सहा तासांच्या शाळेत दोन-तीन वेळा जावे लागणे हे अगदी नेहमीचे आहे.

यापेक्षा महत्त्वाची गोष्ट अशी की मोठ्या माणसाला पहिली जाणीव आणि निकड यांच्यामध्ये बराच अवकाश मिळतो, तर लहान मुलाच्या बाबतीत तो अवकाश फार थोडा असतो. ‘गणित संपेपर्यंत थांब’ हे वाक्य आपल्याला पंधरा मिनिटांचे वाटते. मुलाला तेवढे थांबणे बहुधा जमत नाही.

४. रोखून धरल्याने खरोखर आजार होतो, की हा पालकांचा बाऊ आहे?

एखाद्या दिवशी अर्धा तास रोखल्याने आजार होत नाही, हे पालकांनी लक्षात ठेवावे. आजार होतो तो सवयीने. मूल रोज रोखू लागले की ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आवळून ठेवण्याची सवय शरीराला लागते, पुढे लघवी करतानाही ते पुरते सैल पडत नाहीत, मूत्राशय पूर्ण रिकामे होत नाही, आणि मागे राहिलेल्या लघवीत जंतू वाढतात. मुलींचा मूत्रमार्ग आखूड असल्यामुळे त्यांच्यात जंतुसंसर्गाचे प्रमाण अधिक असते. याच्याच जोडीला मूल शाळेत पाणी पिण्याचे टाळू लागते, त्यामुळे मल घट्ट होतो, भरलेला मलाशय मूत्राशयावर दाब देतो आणि लघवी अधिकच अवेळी लागते. डॉक्टर लघवीच्या तक्रारीसाठी आलेल्या मुलाला बद्धकोष्ठतेविषयी आधी का विचारतात, याचे अनेक पालकांना नवल वाटते. त्याचे कारण हे आहे.

मूल रोखून धरत आहे हे वर्गात ओळखता येते. ते पाय एकमेकांवर आवळते, बाकावर पुढेमागे हलते, खाली बसून टाच बुडाखाली दाबून धरते. आपण त्याला ‘चुळबुळ करू नकोस’ म्हणतो. लघवीला जळजळ होणे, विनाकारण ताप येणे, ओटीपोटात दुखणे, किंवा रात्री कोरडे राहणारे मूल पुन्हा अंथरूण ओले करू लागणे, यांपैकी काही दिसल्यास डॉक्टरांना दाखवावे.

५. लघवीचे समजले, पण शी लागली तर? तेवढा वेळ तरी थांबवता येईल ना?

थांबवू नये. पोटात अन्न गेले की मोठ्या आतड्याची हालचाल वाढते, ही शरीराची नैसर्गिक प्रतिक्रिया आहे आणि लहान मुलांत ती विशेष जाणवते. त्यामुळे डबा किंवा शाळेतला पोषण आहार खाल्ल्यानंतरच्या तासाला एखाद्या मुलाच्या पोटात कळ येणे हे ठरल्यासारखेच असते. सकाळच्या सत्रातील शाळांत हा प्रश्न अधिक दिसतो, कारण मूल घाईघाईत दूध पिऊन, पोट साफ न होताच, रिक्षात किंवा बसमध्ये बसते. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य शासनाने चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी ९ च्या आधी भरवू नयेत असे सांगितले, ते मुलांच्या झोपेचा विचार करून. परंतु जेथे ते अमलात आले, तेथे सकाळचा हा विधी घरीच होण्यास वेळ मिळाला असेल, तर तो वरचा लाभ म्हणावा.

एक अडचण मात्र पालकांनीच सोडवायची आहे. पहिलीत येणाऱ्या अनेक मुलांना स्वतःचे स्वतः धुता येत नाही, आणि ते सांगण्याची लाज वाटत असल्यामुळे मूल शाळा सुटेपर्यंत पोट आवळून बसते. जून उजाडण्यापूर्वी मे महिन्याच्या सुट्टीत हे शिकवावे: पाणी कसे घ्यायचे, कसे धुवायचे, चड्डीची नाडी किंवा बटण कसे काढायचे आणि साबणाने हात कसे धुवायचे. बालवाडीत मात्र मदतीसाठी मावशी असणे ही शाळेचीच जबाबदारी आहे.

६. याविषयी कायद्यात काही लिहिले आहे का?

‘तास चालू असताना मुलाला लघवीला सोडावे’ असे शब्दशः सांगणारे कलम नाही. परंतु बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ याच्या कलम १७ नुसार कोणत्याही बालकाला शारीरिक शिक्षा करणे किंवा मानसिक त्रास देणे यास मनाई आहे, आणि तसे करणाऱ्याविरुद्ध सेवानियमांनुसार शिस्तभंगाची कारवाई होऊ शकते. शिक्षा म्हणून किंवा धाक म्हणून लघवीला जाऊ न देणे या मनाईत बसते, असे माझे मत आहे. चुकून ‘दोन मिनिटे थांब’ म्हणणे तिच्यात बसत नाही. याच अधिनियमाच्या अनुसूचीत मुलांसाठी आणि मुलींसाठी स्वतंत्र स्वच्छतागृहे, तसेच पुरेसे आणि सुरक्षित पिण्याचे पाणी हे शाळेच्या निकषांत धरले आहे. ऑक्टोबर २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सर्व राज्यांना शाळांमधून स्वच्छतागृहांची सोय सहा महिन्यांत करण्याचा आदेश दिला होता. स्वच्छतागृह बांधायचे, आणि त्याचे दार मुलासाठी केवळ घंटेच्या तालावर उघडायचे, यात मला तरी मेळ दिसत नाही.

येथे दोन अपवाद आहेत. हा अधिनियम ६ ते १४ या वयोगटासाठी असल्यामुळे बालवाडीतील मुले त्यात थेट येत नाहीत. आणि अल्पसंख्याक संस्थांच्या शाळांना सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ च्या निकालाने त्याच्या कक्षेबाहेर ठेवले. तरीही बाल न्याय अधिनियम, २०१५ याचे कलम ७५ दोन्हीकडे उपयोगी पडते, कारण ज्याच्या ताब्यात बालक आहे अशा व्यक्तीने त्याला अनावश्यक शारीरिक किंवा मानसिक क्लेश होतील असे वागवणे हा त्या कलमाखाली गुन्हा आहे.

७. एकाला सोडले की निम्मा वर्ग करंगळी दाखवतो. अशा वेळी शिकवायचे कसे?

शिक्षकांकडून सर्वांत जास्त वेळा येणारा प्रश्न हा आहे, आणि तो टाळाटाळीचा नाही. लघवी ही जांभईसारखी सांसर्गिक असते. शेजारचा उठला की आपल्यालाही लागल्याचे मुलाला खरोखर वाटते. त्यात ढोंग थोडे आणि सूचनेचा परिणाम अधिक असतो.

माझ्या नोकरीच्या पहिल्या वर्षी मी यावर ‘एक आला की दुसरा’ असा कडक नियम केला होता. दुसरीच्या वर्गातील एक मुलगी, पुढचा मुलगा पटांगणात रेंगाळत राहिल्यामुळे, दाराशी उभी राहून वाट पाहत होती, आणि मी फळ्याकडे तोंड करून हातच्याची बेरीज समजावत होतो. वळून पाहिले तेव्हा उशीर झाला होता. नियम माझा होता आणि भिजली ती. त्यानंतर मी नियम मोडून टाकला असे नाही, पण त्याला दोन शेपट्या जोडल्या: मुलांसाठी वेगळी पाटी आणि मुलींसाठी वेगळी, आणि अगदी घाईची लागली असेल तर पाटीची वाट न पाहता सरळ पळायचे.

पाटी म्हणजे दाराजवळच्या खिळ्याला टांगलेला पुठ्ठ्याचा तुकडा. मूल जाताना तो उलटा करते, आल्यावर सुलटा करते. तो गळ्यात घालून स्वच्छतागृहात नेण्याची पद्धत काही शाळांत आहे. ती मला किळसवाणी वाटते, कारण तोच पुठ्ठा दिवसभरात वीस हातांत फिरतो. पाटीचा खरा फायदा असा की परवानगीसाठी शिकवणे थांबवावे लागत नाही. मूल करंगळी दाखवते, शिक्षक मान हलवतात, पाटी उलटी होते, आणि इतरांचे लक्ष वेधले जात नसल्यामुळे साथही पसरत नाही.

याखेरीज वेळापत्रकात दोन जागा कराव्यात. परिपाठ संपल्यावर आणि मधल्या सुट्टीची घंटा होण्यापूर्वी पाच मिनिटे आधी पहिली-दुसरीला सोडावे, म्हणजे मोठ्या मुलांच्या गर्दीआधी लहान मुलांचे उरकते. शाळा सुरू झाल्यावरचे पहिले दोन-तीन आठवडे हात सैल ठेवावा. नव्या जागेची भीती, नवे दार, नवी बाई या सगळ्यांमुळे मुले तेव्हा जास्त वेळा उठतात. जाऊ देतात याची खात्री पटली की मागणारे आपोआप कमी होतात. अडवले तर मात्र ‘पुन्हा मिळेल की नाही’ या धास्तीने मूल लागली नसतानाही विचारत राहते. आणि एखाद्या ठराविक विषयाच्याच तासाला करंगळ्यांचे रान माजत असेल, तर तो विषय कसा शिकवला जातो याचाही कधीतरी विचार करावा.

८. एक मुलगा प्रत्येक तासाला जातो. खरेच लागते की टंगळमंगळ करतो, हे कसे ओळखावे?

आठवडाभर नुसती नोंद ठेवावी: किती वाजता गेला, किती वेळात आला, त्याआधी वर्गात काय चालले होते. ही नोंद शिक्षकांच्या वहीत असावी. फळ्यावर किंवा मुलासमोर नको. वाचनाच्याच तासाला जात असेल, तर बहुधा वाचता येत नाही हे लपवण्याचा तो मार्ग असतो, आणि तेव्हा उपाय वाचनावर करायचा असतो. मधल्या सुट्टीत एकटा पडत असेल, तर तास चालू असताना ओस पडलेले पटांगण त्याला बरे वाटत असते.

सगळ्या तासांना, सुट्टीतही आणि घरीही वारंवार जात असेल, तर पालकांना कळवून डॉक्टरांकडे पाठवावे. लघवीतील संसर्ग, बद्धकोष्ठता किंवा मूत्राशयाची अतिसंवेदनशीलता ही नेहमीची कारणे असतात. मात्र वारंवार लघवी, सतत तहान आणि वजन उतरणे या तीन गोष्टी एकत्र दिसल्या, तर त्याच दिवशी रक्तातील साखर तपासून घ्यावी, कारण लहान मुलांतील मधुमेहाची सुरुवात अशीच होते आणि त्यात दिवस घालवणे धोक्याचे असते. हे सगळे चालू असताना मुलाला जाऊ द्यायचेच आहे.

९. मुलांना एकटे सोडणे सुरक्षित आहे का? बदलापूरच्या प्रकारानंतर तर भीतीच वाटते.

ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूर येथील एका शाळेच्या स्वच्छतागृहात बालवर्गातील दोन मुलींवर सफाई कर्मचाऱ्याने अत्याचार केल्याचे प्रकरण पुढे आल्यानंतर हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक पालकसभेत विचारला जातो. शासनाने त्यानंतर शाळांना सीसीटीव्ही, कर्मचाऱ्यांची पोलिसांकडून पडताळणी, तक्रारपेटी आणि सखी सावित्री समिती (विद्यार्थ्यांच्या सुरक्षिततेसाठी शाळेत नेमायची समिती) यांविषयी सूचना दिल्या. काही शाळांनी यातून ‘तास चालू असताना कोणालाच सोडायचे नाही’ असा सोयीचा अर्थ काढला. तो मला मान्य नाही. धोका मोठ्या माणसांकडून असताना त्याची शिक्षा मुलांच्या मूत्राशयाला देण्यात अर्थ नाही.

बालवाडीतील मुलांसोबत स्त्री कर्मचारीच असावी. पहिलीपासून पुढे त्याच वर्गातील दोन मुलींनी किंवा दोन मुलांनी जोडीने जावे. मुलांच्या वापराच्या वेळेत सफाईचे काम करू नये, कॅमेरा स्वच्छतागृहाकडे जाणाऱ्या वाटेवर असावा आणि आत कधीही नसावा. मोठ्या वर्गातील विद्यार्थ्याला ‘याला घेऊन जा’ असे सांगणे टाळावे.

जिल्हा परिषदेच्या द्विशिक्षकी शाळेत, जेथे एकाच शिक्षकापुढे दोन-तीन इयत्ता बसलेल्या असतात आणि शिपाई नसतो, तेथेही जोडी पाठवता येते. तेथे धोका वेगळा असतो: पावसाळ्यात पटांगणातले गवत, साप-विंचू, शेवाळलेली फरशी, आणि उंचावर बसवलेली जड कडी, जी लागते पण मुलाला पुन्हा काढता येत नाही. कडी मुलाच्या खांद्याच्या उंचीवर आणून बसवणे हे सुताराचे अर्ध्या तासाचे काम आहे.

१०. आमच्या शाळेत इंग्रजीत पूर्ण वाक्य बोलल्याशिवाय जाऊ देत नाहीत. हे योग्य आहे का?

योग्य नाही. घरी ‘शू’ म्हणणाऱ्या चार-पाच वर्षांच्या मुलाला जून महिन्यात ‘मे आय गो टू द टॉयलेट, टीचर?’ हे वाक्य आठवत नसते, आणि घाईच्या वेळी तर येत असलेलेही विसरते. इंग्रजी शिकवायला वर्ष पडले आहे. मूल बाहेर पडताना शिक्षकांनी ते वाक्य स्वतः उच्चारावे आणि परत आल्यावर त्याच्याकडून म्हणून घ्यावे, म्हणजे शिकवणेही होते आणि अडवणूकही होत नाही.

हीच अडचण मराठी शाळांतही आहे, फक्त ती आपल्याला दिसत नाही. नंदुरबारमध्ये पावरी, मेळघाटात कोरकू किंवा गडचिरोलीत गोंडी बोलणाऱ्या घरातून आलेल्या मुलाला ‘लघुशंका’ हा शब्द परकाच असतो. प्रवेशाच्या वेळी पालकांना एक साधा प्रश्न विचारून ठेवावा: घरी यासाठी कोणता शब्द वापरता? करंगळीची खूण मात्र सर्वांना पहिल्याच दिवशी शिकवावी, कारण तिला कोणतीही भाषा लागत नाही.

११. शाळेचे स्वच्छतागृह घाण असते म्हणून मुलगी दिवसभर पाणीच पीत नाही. काय करावे?

पाण्याची भरलेली बाटली रोज तशीच परत येत असेल, तर मुलीला रागावण्यापूर्वी शाळेत जाऊन स्वच्छतागृह स्वतः पाहावे. परवानगीचा नियम कितीही उदार असला तरी पाय ठेवायला जागा नसेल तर त्याचा उपयोग नाही. ‘स्वच्छ भारत : स्वच्छ विद्यालय’ या मोहिमेत साधारण ४० मुलांमागे एक शौचकूप आणि तीन मुताऱ्या असे प्रमाण सुचवले होते, आपल्या शाळेचा पट आणि प्रत्यक्षात वापरता येणाऱ्या, म्हणजे कुलूप नसलेल्या आणि नळाला पाणी असलेल्या जागा यांची तुलना पालकांनी करून पाहावी. बऱ्याच ठिकाणी एक स्वच्छतागृह ‘स्टाफसाठी’ कुलपात असते आणि सर्वांत स्वच्छ तेच असते.

सरकारी शाळांना समग्र शिक्षा योजनेतून जे संयुक्त शाळा अनुदान मिळते, त्यातील किमान १० टक्के रक्कम स्वच्छतेवर खर्च करायची असते. ती कोठे गेली हे शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत विचारण्याचा पालकांना अधिकार आहे.

२०१९ मध्ये केरळातील शाळांमधून मुलांना पाणी पिण्याची आठवण करून देणारी ‘पाण्याची घंटा’ सुरू झाली आणि इतर राज्यांनीही ती उचलली. कल्पना चांगली आहे. परंतु पाण्याची घंटा वाजवणाऱ्या शाळेने अर्ध्या-पाऊण तासाने मुलांना बाहेर सोडण्याचीही तयारी ठेवली पाहिजे.

१२. वर्गातच कपडे ओले झाले, तर शिक्षकांनी काय करावे?

कमीत कमी बोलावे. इतर मुलांना चित्र काढायला किंवा पाढे लिहायला सांगून त्या मुलाला शांतपणे बाहेर न्यावे आणि फरशी पुसताना ‘पाणी सांडले’ एवढेच म्हणावे. पाण्याची बाटली कलंडल्याचे नाटकही चालते. पुसायचे काम त्या मुलाला किंवा दुसऱ्या मुलाला लावू नये. वर्गाच्या कपाटात दोन-तीन मापांच्या चड्ड्या, एक परकर आणि जुना टॉवेल ठेवावा. पालकांना त्याच दिवशी, मुलाच्या अपरोक्ष, सांगावे. वहीत लाल शाईने लिहून पाठवू नये. पालकांनीही घरी पहिला प्रश्न ‘असे कसे झाले?’ हा न विचारता ‘तू बाईंना विचारले होतेस का?’ हा विचारावा, कारण त्याच्या उत्तरावर पुढचे सारे अवलंबून आहे.

१३. जे मूल आठवडाभर तासाला उठले नाही, त्याला तारा किंवा चॉकलेट दिले तर?

देऊ नये. रोखून धरण्याला बक्षीस दिले की मुले रोखून धरायला शिकतात आणि मग प्रश्न ४ मधील सगळे मागे लागते. न जाणाऱ्यांची नावे फळ्यावर लिहिणे हाही त्याचाच प्रकार आहे.

१४. परीक्षा चालू असताना काय नियम असावा?

शाळेच्या स्वतःच्या चाचण्यांत नेहमीचाच नियम ठेवावा आणि गेलेली मिनिटे मुलाला शेवटी वाढवून द्यावीत. तिसरीच्या चाचणीत मूल मुतारीत जाऊन उत्तरे पाहून येईल, ही भीती अवास्तव आहे. शिष्यवृत्ती परीक्षेचा प्रत्येक पेपर दीड तासाचा आणि नवोदय प्रवेश परीक्षा दोन तासांची असते, केंद्र परक्या शाळेत असते, आणि मुले तासभर आधी येऊन घाबरून पाणी पीत बसतात. अशा ठिकाणी पालकांनी आत सोडण्यापूर्वी स्वच्छतागृह कोठे आहे ते मुलाला दाखवून आणावे. पर्यवेक्षकांनी गरज पडल्यास कर्मचाऱ्यासोबत पाठवावे.

१५. मुलाला शारीरिक अडचण असेल तर शाळेला काय सांगावे?

डॉक्टरांचे चार ओळींचे पत्र मुख्याध्यापकांना द्यावे आणि त्याची प्रत वर्गशिक्षकांच्या हाती द्यावी, कारण कार्यालयात दिलेले पत्र बदली शिक्षकांपर्यंत पोहोचत नाही. मणक्याच्या जन्मजात दोषामुळे ज्या मुलांना ठराविक तासांनी नळीने लघवी काढावी लागते, त्यांच्यासाठी वेळ, स्वच्छ जागा आणि खासगीपणा तिन्ही लागतात. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ याच्या कलम १६ नुसार शासनाचे अनुदान किंवा मान्यता असलेल्या शाळांनी इमारत आणि सोयी अशा मुलांना वापरता येतील अशा करणे आणि वैयक्तिक गरजेप्रमाणे वाजवी सोय देणे अपेक्षित आहे. अशा मुलाला वर्गासमोर परवानगी मागायला लावू नये. दाराजवळचा बाक द्यावा आणि उठून जाऊ द्यावे.

१६. चौथीतल्या मुलीला पाळी सुरू झाली आहे. तिच्यासाठी वेगळा नियम हवा का?

नियम तोच, फक्त कारण विचारायचे नाही, आणि दप्तरातील छोटी पिशवी घेऊन जाऊ द्यायचे. नऊ-दहाव्या वर्षी पाळी येणाऱ्या मुली आता प्राथमिक वर्गांतही असतात, पण वापरलेले पॅड टाकण्यासाठी झाकणाचा डबा मात्र बहुधा माध्यमिकच्याच मजल्यावर ठेवलेला असतो. जुलै २०२५ मध्ये ठाणे जिल्ह्यातील शहापूर येथे, स्वच्छतागृहात रक्ताचे डाग दिसल्यावरून मुलींची अंगझडती घेतल्याचे प्रकरण घडले आणि गुन्हा दाखल झाला. डाग दिसला तर तो धुऊन टाकावा. तो कोणाचा आहे हे शोधण्याचे कारण नाही.

१७. शिक्षक ऐकतच नाहीत. तक्रार कोठे करावी?

आधी वर्गशिक्षकांशी, शाळा सुटल्यावर आणि मूल समोर नसताना, बोलावे. निम्म्याहून अधिक प्रकरणे माझ्या पाहण्यात तेथेच मिटली. त्यानंतर मुख्याध्यापक आणि शाळा व्यवस्थापन समिती. विनाअनुदानित खासगी शाळा सोडून इतर शाळांत या समितीचे तीन-चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या सदस्य स्त्रिया असाव्या लागतात, त्यामुळे हा विषय तेथे मांडण्यास संकोच नको. जिल्हा परिषदेच्या शाळेसाठी पुढे केंद्रप्रमुख आणि पंचायत समितीचे गटशिक्षणाधिकारी आहेत. प्रश्न ६ मधील २००९ च्या अधिनियमाच्या कलम ३२ नुसार स्थानिक प्राधिकरणाकडे केलेल्या लेखी तक्रारीवर, दोन्ही बाजू ऐकून, तीन महिन्यांत निर्णय व्हायचा असतो, आणि त्यावर राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे अपील करता येते. मुलाला मारहाण झाली असेल किंवा लैंगिक त्रासाचा संशय असेल, तर ही पायरी-पायरीची वाट न धरता १०९८ या क्रमांकावर किंवा पोलिसांकडे थेट जावे.

१८. मुलांचे ठीक आहे, पण आम्हा शिक्षिकांनाच दिवसभर जाता येत नाही. वर्ग कोणावर सोडायचा?

हा प्रश्न शिक्षिका कार्यशाळा संपल्यावर, बाजूला येऊन, हळू आवाजात विचारतात. पहिलीचा वर्ग दहा मिनिटेही एकटा ठेवता येत नाही, सुट्टीत पोषण आहाराचे ताट आणि नोंदी, आणि स्वच्छतागृह एकच व तेही मुलांबरोबरचे. जी बाई स्वतः सकाळपासून पाणी न पिता उभी आहे, तिला मुलाचे ‘लागली’ हे ऐकून मनातून ‘मग मला काय लागत नाही?’ असे वाटणे स्वाभाविक आहे. शेजारच्या दोन वर्गांनी आपसांत ठरवून रोज एक ठराविक वेळ बांधून घ्यावी: त्या दहा मिनिटांत दोन्ही वर्ग एकाच खोलीत गोष्ट ऐकतात किंवा कविता म्हणतात, आणि एक शिक्षिका मोकळी होते, दुसऱ्या दिवशी दुसरी. एकशिक्षकी शाळेत अंगणवाडीसेविकेशी किंवा पोषण आहार शिजवणाऱ्या ताईंशी बोलून असेच ठरवता येते. मुख्याध्यापकांनी ही वेळ वेळापत्रकाच्या तक्त्यावर ‘सामूहिक कविता’ म्हणून लिहून घ्यावी, म्हणजे तपासणीला आलेल्या साहेबांना दोन वर्ग एकत्र का बसले आहेत, हे समजावत बसावे लागत नाही.